रस्ता अपघाताचा हिशेब : कुटुंबाने काय जपावे, काय मागावे आणि दावा कसा मांडावा

माझे मामा नळजोडणीची कामे करत. एका सकाळी दुचाकीवरून कामावर निघाले असताना मागून आलेल्या टेम्पोने त्यांना उडवले आणि मांडीच्या हाडात सळई बसवावी लागली. त्या काळातली औषधांची एकूण एक पावती मामींनी साडीच्या खोक्यात जपून ठेवली होती. दावा पुराव्याच्या टप्प्यावर यायला दोन वर्षे गेली. वकिलांच्या टेबलावर ते खोके उघडले तेव्हा त्यातल्या जवळजवळ निम्म्या पावत्या कोऱ्या निघाल्या. मेडिकलच्या दुकानातल्या छोट्या यंत्रातून जो गुळगुळीत कागद बाहेर येतो, त्यावरची छपाई शाईने नव्हे तर उष्णतेने होते आणि काही महिन्यांत ती उडून जाते, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. पैसे खरोखर खर्च झाले होते, पण ते कागदावर उरले नव्हते, आणि म्हणून दाव्यातही आले नाहीत. त्या खोक्यामुळेच हे मार्गदर्शन लिहायला बसलो आहे.

२०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांची नोंद झाली. त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. महाराष्ट्रातले अपघात ३३,३८३ आणि मृत्यू १५,२२४ होते. मृत्यूंच्या संख्येत उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूनंतर आपले राज्य तिसरे होते. रस्ते अपघातांमुळे बहुतेक देशांना राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ३ टक्के रकमेचा फटका बसतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. या ३ टक्क्यांतला मोठा भाग प्रत्यक्षात घराघरांतून जातो. बुडालेली मजुरी, मोडलेली ठेव, विकलेले जनावर, शाळा सोडून कामाला लागलेला मुलगा, अशा रूपांत तो जातो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. ही नोंद कुटुंबानेच करायची असते, आणि ती अपघाताच्या दिवसापासूनच करायची असते.

पहिले काही तास

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक आहेत. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्या माणसाला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४-अ नुसार संरक्षण आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, आणि जखमीला काही झाले तर त्याबद्दल त्याला जबाबदारही धरता येत नाही. रस्त्यावर बघ्यांची गर्दी जमते आणि हात मात्र कोणी लावत नाही, याचे मोठे कारण पोलिसांच्या फेऱ्यांची भीती हेच आहे; म्हणून ही तरतूद आपल्या गल्लीत, कामाच्या ठिकाणी आवर्जून सांगावी.

केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ता अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, प्रत्येकी १,५०,००० रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता उपचार मिळू शकतात. त्यासाठी घटनेची पोलिसांकडून पडताळणी व्हावी लागते, त्यामुळे रुग्णालय आणि पोलिस ठाणे या दोन्ही ठिकाणी लगेच कळवावे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. त्यांना आधार आणि शिधापत्रिका दाखवून कोणता उपचार कोणत्या योजनेत बसतो ते विचारावे. अनामत रकमेसाठी दागिने गहाण टाकण्याआधी ही विचारपूस करायला हवी.

मात्र रुग्णालयातली खरी महत्त्वाची गोष्ट पैशांची नसते. जखमीला आत नेताच डॉक्टर विचारतात, ‘कसं लागलं?’, आणि जे उत्तर मिळेल ते केस पेपरवर लिहून घेतात. घाबरलेला नातेवाईक पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून ‘घरात जिन्यावरून पडले’ असे सांगतो, किंवा गडबडीत ‘गाडीवरून घसरले’ एवढेच बोलतो. पुढे विमा कंपनीचे वकील सगळ्यात आधी हीच ओळ शोधतात आणि ‘धडक झालीच नव्हती, हे स्वतःच पडले’ असा बचाव घेतात. म्हणून प्रसंग जसा घडला तसाच, गाडीचा प्रकार आणि माहीत असल्यास क्रमांकासह सांगावा, डॉक्टरांनी काय लिहिले ते वाचून पाहावे, चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावी आणि एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-न्यायिक प्रकरण, म्हणून नोंद झाली आहे ना याची खात्री करावी. या एका ओळीवर संपूर्ण दावा बुडू शकतो, असे मी जाणीवपूर्वक म्हणतो आहे.

घटनास्थळी कोणी ओळखीचे असेल, तर वाहने हलवण्याआधी त्यांच्या स्थितीची, क्रमांकाच्या पाट्यांची, टायर घासल्याच्या खुणांची आणि आजूबाजूच्या दुकानांतल्या कॅमेऱ्यांच्या जागांची छायाचित्रे काढून ठेवावीत. खाजगी कॅमेऱ्यांतले चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. त्यामुळे ते ताब्यात घेण्याची लेखी विनंती तपास अंमलदारांना त्याच आठवड्यात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

याच काळात धडक देणाऱ्या वाहनाच्या मालकाची माणसे भेटायला येतात. दवाखान्याचे बघतो, केस करू नका, आपसात मिटवून टाकू, अशी भाषा असते. माणुसकी म्हणून कोणी मदत देत असेल तर ती पावती देऊन घ्यावी, पण कोणत्याही कोऱ्या कागदावर किंवा ‘आमची तक्रार नाही’ असा मजकूर असलेल्या स्टॅम्प पेपरवर सही करू नये. भरपाईची रक्कम बहुतेक वेळा त्या मालकाच्या खिशातून जातच नाही. ती त्याच्या वाहनाच्या विमा कंपनीने द्यायची असते. त्यामुळे एखाद्या गरीब मालकाचे घर बसेल या विचाराने दावा सोडण्याचेही कारण नसते.

पोलिस ठाण्यातले कागद आणि ‘कारण’ नावाचा रकाना

जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाल्यामुळे निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली, तर बेदरकार वाहन चालवल्याचा कलम २८१ खाली नोंदवला जातो. प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, मृत्यू झाला असल्यास मरणोत्तर पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल, साक्षीदारांचे जबाब, वाहनाच्या तपासणीचा अहवाल, चालकाचे लायसन्स, नोंदणी पुस्तक आणि विमा पॉलिसी या सगळ्यांच्या प्रती हळूहळू गोळा कराव्यात. वाहनाचा क्रमांक हाती असेल तर त्याचा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता का, हे एमपरिवहन ॲपवर घरबसल्या पाहता येते.

पंचनामा होताना घरातला किंवा गावातला एखादा शांत डोक्याचा माणूस तिथे हजर असावा. रस्त्याची रुंदी, अपघाताची जागा रस्त्याच्या कोणत्या बाजूला आणि कडेपासून किती अंतरावर आहे, साइडपट्टी किती खचली आहे, दिवे होते का, दुभाजक अचानक सुरू होतो का, वळणाची पाटी होती का, खड्डा होता का, या गोष्टी पंचनाम्यात आल्या पाहिजेत. २०२२ च्या सरकारी आकड्यांत सुमारे ७१ टक्के मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे नोंदलेले आहे. वेग जीवघेणा असतो यात शंका नाही. पण ‘अतिवेग’ हा भरायला सर्वांत सोपा रकाना आहे, आणि एकदा तो भरला की अंधाऱ्या वळणाकडे, चुकीच्या जागी सोडलेल्या दुभाजकाकडे किंवा रिफ्लेक्टर न लावता रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या ट्रॉलीकडे कोणी पाहत नाही, असे माझे ठाम मत आहे. ऊस गाळपाच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर रात्री फिरलेल्या कोणालाही ही ट्रॉली वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. रस्त्याच्या रचनेचे किंवा देखभालीचे ठरलेले निकष न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९८-अ मध्ये आहे. परंतु पंचनाम्यात रस्त्याबद्दल शब्दही नसेल तर ती वापरणार कशी?

हेल्मेट नसणे, एका दुचाकीवर तिघे बसणे, लायसन्स नसणे या गोष्टी लपवू नयेत. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा आणि मागे बसलेल्यांचा मृत्यू झाला, हेही लक्षात असावे. मात्र हेल्मेट नव्हते एवढ्यावरून धडकेची जबाबदारी जखमीवर येत नाही. त्याच्या स्वतःच्या हयगयीने अपघाताला किंवा इजेला किती हातभार लागला, हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे अशा भरपाईचे दावे चालवणारे न्यायालय, पुराव्यावरून ठरवते आणि फार तर तेवढ्या प्रमाणात रक्कम कमी करते.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी न्यायाधिकरणाकडे पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत पाठवायचा असतो. या तारखा वहीत लिहून ठेवून त्या त्या वेळी तपास अंमलदारांकडे नम्रपणे पण लेखी विचारणा करावी.

आणखी एक गोष्ट सांगायला जड आहे, पण सांगितलीच पाहिजे. जखमी माणूस घरी आल्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी जंतुसंसर्गाने किंवा रक्ताच्या गाठीने जातो, तेव्हा कुटुंब आधीच थकलेले असते आणि ‘आता देहाची आणखी विटंबना नको’ असे म्हणून शवविच्छेदन टाळते. सरकारी आकडेवारीत अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यूच अपघाती म्हणून मोजला जातो, पण नुकसानभरपाईला अशी ३० दिवसांची अट नाही; तिथे मृत्यू त्याच इजेमुळे झाला हे सिद्ध करावे लागते. शवविच्छेदन नसेल तर हा दुवा तुटतो आणि मृत्यूचा दावा केवळ दुखापतीचा होऊन बसतो. म्हणून अशा वेळी पोलिसांना कळवून शवविच्छेदन करून घ्यावे आणि गुन्ह्यात कलमवाढ करण्याचा अर्ज द्यावा.

खर्चाची वही

दोनशे पानी वही घ्यावी आणि रोजच्या रोज भरावी. तारीख, रक्कम, कशासाठी आणि पावती आहे की नाही, एवढे चार रकाने पुरेत. प्रत्येक पावतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढावी, मोबाइलवर फोटो घ्यावा आणि मूळ पावती झेरॉक्सला टाचून ठेवावी. मामींच्या खोक्यात झेरॉक्सा असत्या तर एवढा फटका बसला नसता. डॉक्टरांची चिठ्ठी आणि त्या चिठ्ठीवरची खरेदी एकत्र ठेवावी, कारण चिठ्ठीशिवायच्या पावतीवर शंका घेतली जाते. विमा किंवा एखाद्या योजनेतून परत मिळालेली रक्कमही प्रामाणिकपणे लिहावी.

औषधे आणि शस्त्रक्रिया सगळ्यांच्या लक्षात राहतात. विसरले जातात ते रिक्षाचे आणि रुग्णवाहिकेचे भाडे, सोबत राहिलेल्या माणसाचे बुडालेले काम, फिजिओथेरपी, कुबड्या, विशेष आहार, वर्षभराने सळई काढण्याच्या शस्त्रक्रियेचा अंदाजित खर्च आणि घरी शुश्रूषा करणाऱ्या बाईमाणसाचे श्रम. पत्नी किंवा आई रात्रंदिवस उशाशी बसते तेव्हा पैसे हातचे जात नाहीत, म्हणून तो खर्च नव्हे असे घरातलेच समजतात. न्यायालये मात्र परिचारकाचा खर्च म्हणून त्याची दखल घेतात. सळई काढण्याच्या खर्चाचे लेखी अंदाजपत्रक त्याच सर्जनकडून दावा चालू असतानाच घ्यावे.

उत्पन्नाचा पुरावा ही असंघटित कामगारांची खरी अडचण आहे. पगाराची चिठ्ठी नसेल तर बँकेतले जमा व्यवहार, मोबाइलवर आलेले कामाचे पैसे, गिऱ्हाइकांनी दिलेल्या कामाच्या चिठ्ठ्या, दूध संघाची बिले, बाजार समितीच्या पट्ट्या, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी आणि मुकादमाचा किंवा ठेकेदाराचा जबाब, यांतले जे मिळेल ते जमवावे. जिथे काहीच नसते तिथे न्यायाधिकरण अंदाज बांधते, आणि तो बहुधा प्रत्यक्ष कमाईपेक्षा कमी निघतो.

रक्कम कशी काढतात

मृत्यूच्या दाव्यातली रक्कम दोन निकालांनी घालून दिलेल्या पद्धतीने काढली जाते : सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा सरला वर्मा निकाल आणि २०१७ चा प्रणय सेठी निकाल. उदाहरण घेऊन पाहू. समजा, ३४ वर्षांचा एक टेम्पोचालक महिन्याला १८,००० रुपये कमावत होता आणि त्याच्यावर पत्नी, दोन मुले आणि आई अवलंबून होती. तो कायम नोकरीत नव्हता आणि ४० वर्षांच्या आतला होता, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी उत्पन्नात ४० टक्के मिळवायचे. महिन्याचे २५,२०० आणि वर्षाचे ३,०२,४०० रुपये झाले. अवलंबून असणारे चार ते सहा असले तर मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा होतो, उरले २,२६,८००. वय ३१ ते ३५ या गटासाठी गुणक १६ आहे. गुणाकार ३६,२८,८०० रुपये येतो. यात वारसा हानी (मृताकडून वारसांना मिळू शकली असती ती मालमत्ता बुडणे) आणि अंत्यविधी खर्च यांचे प्रत्येकी १५,००० आणि सहवास गमावल्याचे ४०,००० मिळवायचे असतात. या तिन्ही आकड्यांत दर ३ वर्षांनी १० टक्के वाढ धरायची असते, आणि सहवासाची रक्कम पत्नीप्रमाणे मुलांना व आईलाही मिळू शकते.

तोच माणूस कायम नोकरीत असता तर वाढ ५० टक्के धरली असती. वय ४० ते ५० असेल तर कायम नोकरीसाठी ३० टक्के आणि इतरांसाठी २५ टक्के, आणि ५० ते ६० असेल तर अनुक्रमे १५ व १० टक्के धरतात. दोन किंवा तीनच जण अवलंबून असतील तर एक तृतीयांश, आणि मृत अविवाहित असेल तर सर्वसाधारणपणे निम्मे वजा होतात. गुणक १५ ते २५ वयासाठी १८ असतो, ४१ ते ४५ साठी १४, ५१ ते ५५ साठी ११ आणि पासष्टीनंतर ५. वयाचा पक्का दाखला का हवा, हे यावरून कळेल; एका वर्षाच्या फरकाने गुणक बदलतो.

गृहिणीच्या मृत्यूत ‘उत्पन्न शून्य’ असे मुळीच लिहू देऊ नये. स्वयंपाक, मुले, म्हातारी माणसे, गोठा आणि शेतातली कामे यांचे मोल धरूनच भरपाई ठरवली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येही स्पष्ट केले आहे. दाव्यात तिची रोजची कामे पहाटेपासून रात्रीपर्यंत सविस्तर लिहावीत.

जखमीच्या बाबतीत अपंगत्व प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सांगितले. गुडघा वाकत नाही म्हणून हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल, पण परांचीवर चढणारा गवंडी तोच गुडघा घेऊन पुन्हा कामाला जाऊ शकणार नाही. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांनी साक्षीत त्या माणसाच्या कामाविषयी बोलावे, यासाठी वकिलांमार्फत आग्रह धरावा. मामांच्या दाव्यात हे झाले आणि पावत्यांत गेलेले थोडेसे तिथे भरून निघाले : शिडीवर चढता न येणारा माणूस टाकीची जोडणी करू शकत नाही, हे डॉक्टरांनी सरळ शब्दांत सांगितले.

समोर वाहनच नसेल तेव्हा

धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६१ खाली मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. २०२२ मध्ये अशा अपघातांत ३०,४८६ माणसे गेली. अर्ज महसूल कार्यालयातल्या चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते. तहसील कार्यालयात चौकशी केल्यास नेमका टेबल कळतो.

गाडी स्वतःच घसरली किंवा आडवे कुत्रे आले, तर दुसऱ्या कोणाचा विमा लागू होत नाही. नोंदणीकृत मालक स्वतः लायसन्ससह गाडी चालवत असेल, तर त्याच्या नावे १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असायला हवे. पॉलिसीत त्याचा हप्ता भरला आहे का ते पाहावे. मित्राची गाडी मागून घेऊन गेलेल्याला यातले काहीच मिळत नाही, हे अनेकांना फार उशिरा समजते. मागे बसलेल्याला सर्वसमावेशक पॉलिसीत संरक्षण मिळते, केवळ ‘थर्ड पार्टी’ पॉलिसीत सहसा नाही.

मृताचे बँक पासबुक मात्र ओळीन् ओळ वाचावे. मे अखेरीस २० रुपये वजा झालेले दिसले, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २ लाख रुपये देय असतात. तो शेतकरी किंवा शेतकऱ्याच्या कुटुंबातला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपयांसाठी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विनाविलंब अर्ज करावा.

दावा दाखल करताना

१ एप्रिल २०२२ पासून दावा अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांत दाखल करण्याची मुदत कायद्यात आली आहे. या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर बसू नये. शिवाय व्याज दाव्याच्या तारखेच्या आधीपासून मिळत नाही, म्हणून लवकर दाखल केलेला दावा कुटुंबाच्याच फायद्याचा असतो. अपघात पुण्याजवळ झाला आणि कुटुंब नांदेडला राहत असेल, तर दावा नांदेडच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही करता येतो. दर तारखेला पुण्याचे हेलपाटे घालण्याची गरज नाही. चूक कोणाची या वादात पडायचेच नसेल, तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख अशी ठरलेली रक्कम मागता येते. पण ती घेतली की कलम १६६ चा, म्हणजे समोरच्याची चूक सिद्ध करून मागायचा, मोठा दावा उरत नाही, त्यामुळे वरचा गुणाकार आधी करून मगच निर्णय घ्यावा.

वकिलांची फी लेखी ठरवावी. ज्यांना फी परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोडीचा आकडा पुढे आला तर आपण मांडलेल्या हिशेबाशेजारी ठेवून पाहावा. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही.

निकालानंतर अल्पवयीन मुलांचा वाटा न्यायाधिकरण बहुधा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगते. ठेवीच्या पावतीवर मुलाचे नाव आणि जन्मतारीख दाखल्याप्रमाणे आहे ना, हे त्याच दिवशी तपासावे, आदेशाची प्रमाणित प्रत पावतीसोबत ठेवावी, आणि या दोन्हींची झेरॉक्स वहीच्या शेवटच्या पानाला टाचावी.